लिझानचा डावा हात आणि बाकीची मालमत्ता

मी, श्रीमती आर्सेनिया बोनिफास फुर्तादो, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा घरकाम आणि म्हातारपणी शिकलेला क्रोशा, राहणार कुडतरी, तालुका सासष्टी, गोवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. वकील मिनेझिस यांनी त्याबद्दल डॉक्टरांचा दाखला मागितला, तो सोबत जोडला आहे. दाखल्यात माझ्या हृदयाच्या झडपेविषयी जे लिहिले आहे ते मी घरी कोणाला सांगितलेले नाही. हे वाचले जाईल तेव्हा कळेलच, आणि तेव्हा रागवायचे असेल तर खुशाल रागवावे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट माझी नणंद एरमेलिंद हिला कुणकुण लागताच ती म्हणाली, "मृत्युपत्र करायला तुझ्याकडे आहे काय? गुंतलेला दोरा?"

दोरा आहेच, त्याचे पुढे लिहिते. पण मुख्य गोष्ट आधी सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही. हे मृत्युपत्र मी घरासाठी करत नाही. माझी नात लिझान डावखुरी आहे. मी जिवंत आहे तोवर तिचा डावा हात बांधायची कोणाची छाती नाही. मी गेल्यावर काय होईल याची मला खात्री नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम पहिले. घर. आमच्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे माझ्या हिश्शाचा अर्धा भाग माझ्या मुलाला मिळणार, तो मी द्यावा की न द्यावा हा प्रश्नच नाही. ऑरेलियो, बाबा, तो तुझा. तू वास्कोला बंदरात काम करतोस, रविवारी न विसरता मासळी आणतोस आणि माझ्याशी कधी मोठ्या आवाजात बोलला नाहीस. कायद्याने सांगितले नसते तरी दिला असता. त्याखेरीज मी विणलेली पहिली वस्तू तुला देते. ती गरम भांडे धरायची चौकोनी चकती होणार होती. प्रत्येक ओळीच्या शेवटचा खांब, म्हणजे उभा टाका, घालायला मी विसरत गेले आणि चौकोनाचा त्रिकोण झाला. तू तिला "मायचा सामोसा" म्हणून सगळ्या गल्लीत मिरवलीस. आता तोच सामोसा वारसाहक्काने तुझ्या गळ्यात.

घराच्या उरलेल्या भागाचे, ज्यावर माझी मर्जी चालते, ते कलम सातमध्ये.

कलम दुसरे. दोऱ्याची पेटी. ही माझ्या लग्नातली शिसवी पेटी आहे. बोनिफास बोटीवर आचारी होते. प्रत्येक फेरीहून येताना ते सुती दोऱ्याची गुंडी आणायचे, कधी पांढरी, कधी साईच्या रंगाची, एकदा भडक हिरवीसुद्धा. बोटीवरचे सगळे गोंयकार आपापल्या बायकांसाठी आणायचे, म्हणून तेही आणायचे. मला क्रोशा येत नाही हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळले होते, कसे ते पुढे येईल. मी एकदा म्हटले, "अहो, कशाला आणता? माझ्या हातून साधी साखळीसुद्धा होत नाही." तर म्हणाले, "ठेव गं. दोरा काही नासत नाही." नासला नाही. ते गेले, आणि त्यांच्या महिन्याच्या मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, मी पेटी उघडली तेव्हा सगळ्या गुंड्या कापराच्या वासात जशाच्या तशा होत्या. त्यातली हिरवी सोडून जवळजवळ सगळ्या मी वापरल्या. हिरवी मला बघवत नाही आणि टाकवतही नाही. पेटी आणि हिरवी गुंडी लिझानला.

कलम तिसरे. शिक्षण. यात द्यायचे काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. शाळेत आम्हाला मदर शिवणकाम शिकवायच्या. शाळेचे नाव लिहीत नाही, त्या मदर केव्हाच देवाघरी गेल्या आहेत. मी सुई डाव्या हातात धरली की माझा डावा हात फळा पुसायच्या फडक्याने बाकाला बांधला जायचा. उजव्या हाताने मी दोरा ओढायचे आणि गाठी पडायच्या. अक्षर मी कसेबसे उजव्या हाताने शिकले, हे मृत्युपत्र त्याच अक्षरात आहे, वाचताना त्रास झाला तर मला दोष देऊ नये. क्रोशा मात्र जमला नाही तो नाहीच. "ह्या मुलीच्या बोटांत काही नाही," असे मदर माझ्या आईला म्हणाल्या, आणि आईने ते खरे मानले. मीही मानले.

माझ्या बाकावर पिएदाद बसायची. फडके सोडायचे काम तिचे. घंटा झाली की ती गाठ सोडायची आणि माझे मनगट चोळून द्यायची. हीच पिएदाद आज माझी शेजारीण आहे.

कलम चौथे. लग्नातली लेस. आमच्याकडे नवरीच्या पेटीतले सामान सासरच्या बायका उलगडून बघतात. उशांच्या खोळी, चादरी, टेबलावरचे कापड, सगळ्याची कड नवरीने स्वतः विणलेली हवी. माझ्या आईने मडगावच्या बाजारातून लेस आणली आणि मी ती रात्रंदिवस बसून शिवून टाकली. एरमेलिंदने पहिलीच खोळ उचलली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हे हातचं नव्हे. यंत्राचं आहे. वहिनीबाई आल्या त्या बाजारातून आल्या की काय?"

बायका हसल्या. बोनिफास दारात उभे होते, ते हसले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या घरी सायबीण आली, म्हणजे गावात घरोघर फिरणारी आमच्या सायबिणीची मूर्ती एका रात्रीच्या मुक्कामाला आली, की तिच्याखाली अंथरायचे कापड एरमेलिंदच्या घरून यायचे. घर माझे, फुले माझी, उकडलेले चणे माझे, आणि कापड तिचे. दर वर्षी ती ते अंथरायची आणि कोपरे ओढून सरळ करताना माझ्याकडे बघायची.

ती बाजारची लेस मी आजवर जपून ठेवली आहे. ती एरमेलिंदला. तिने ती उलटी करून बघावी.

कलम पाचवे. पिएदाद. बोनिफास गेल्यावर मी संध्याकाळी बल्कांवात, दारापुढच्या दगडी बाकावर, नुसती बसून असायचे. समोरच्या बाकावर पिएदाद येऊन विणायची. एकदा तिची सुई घरंगळत माझ्या पायाशी आली. मी उचलली आणि नकळत दोऱ्यात घातली. पिएदाद बघतच राहिली.

"आर्सेनिया, कुठल्या हाताने उचललीस?"

मी घाबरून सुई खाली ठेवली. हसू नका, बासष्ट वर्षांची बाई घाबरली.

"ठेवू नकोस," ती म्हणाली. "मदर इथे नाही. आणि आली तर तिला मी बघून घेईन. जागची हलू नकोस. शेजारी बसलीस तर माझा हात उलटा दिसेल. समोर बसलीस तर आरशात बघितल्यासारखा दिसेल. माझा उजवा जे करील ते तुझ्या डाव्याने कर."

एवढेच होते. इतक्या वर्षांत कोणी मला समोर बसवले नव्हते.

साखळी पहिल्याच संध्याकाळी आली. मुका खांब आला, मग खांब आला. माझे टाके फार आवळलेले असायचे, सुई आत शिरायची नाही. पिएदाद म्हणायची, "अगं, दोरा आहे तो, दावणीचं जनावर नव्हे. पळून जात नाही. सैल सोड." सैल सोडायला मला एक पावसाळा लागला. पुस्तकातले नमुने मला उलटे वाचावे लागतात, जिथे उजवीकडे वळा लिहिले असेल तिथे मी डावीकडे वळते, आणि वर्तुळे माझी घड्याळाच्या काट्याबरोबर जातात, इतरांची काट्याविरुद्ध. चुकले की मी उसवते. उसवण्याचे मला दुःख होत नाही. शाळेत चूक झाली की छडी बसायची, इथे चूक झाली की दोरा परत मिळतो.

माझ्या सर्व पोलादी सुया, एक सोडून, पिएदादला. शिवाय आम्ही दोघींनी मिळून विणलेली पलंगाची चादर तिला. तिच्या अर्ध्या भागातली फुले एकीकडे झुकतात, माझ्या भागातली दुसरीकडे, आणि मधल्या जोडाशी ती एकमेकींकडे तोंड करून बसल्यासारखी दिसतात. पिएदादला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. पिएदाद म्हणाली, "मग सुया नकोत, सही करू द्या." मी म्हटले, गप बस, सुया घे.

कलम सहावे. हातमोजा. सायबिणीसाठी मी स्वतःचे कापड विणले, त्याला दोन वर्षे लागली. ते अंथरल्यावर रोझरीला सगळा वाडा जमला होता. एरमेलिंद वाकली, कडेवरून बोट फिरवले. हातचे होते, त्यात खोट निघेना. मग म्हणाली, "कड उलटी चाललीय. डाव्या हाताचं दिसतंय. डाव्या हाताचं सायबिणीखाली घालायचं?"

पिएदाद मेणबत्ती लावत होती, तिने मानही वळवली नाही. म्हणाली, "सायबिणीने बाळाला डाव्या हातावरच घेतलंय, एरमेलिंद. नीट बघ."

मूर्तीकडे सगळ्यांनी पाहिले. खरेच होते. रोझरी सुरू झाली आणि मी पहिली ओळ म्हणू शकले नाही, कारण रडू येत होते.

दुसऱ्या दिवशी लिझानने माझी सुई उचलली. डाव्या हाताने. मी तिला शेजारी बसवले. मीही डावी आणि तीही डावी, आम्हाला आरसा लागत नाही. पण शाळेत तिची वही शाईने फराटलेली असते, कारण डावा हात ओल्या अक्षरांवरून सरकत जातो. बाईंनी तक्रार केली. माझी सून लोर्ना मडगावला औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, ती बिचारी घरी येऊन स्वयंपाकघरात रडली. "माय, मला तिच्या हाताचा राग नाही हो. वर्गात हसतात तिला. मोठी होऊन ती मलाच विचारेल, तू का नाही सुधारलंस?" लोर्ना वाईट नाही. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

तिने एरमेलिंदला विचारले ही तिची चूक. एरमेलिंदने एक हातमोजा विणून आणला. पांढरा, नाजूक, वर गुलाबाचे फूल, बोटांना वाट नाही, आणि मनगटाशी बांधायला लांब साखळी. "फक्त अभ्यासाला बसली की घालायचा. दुखत नाही, काही नाही," ती म्हणाली. मी बल्कांवात होते. लिझान तो घालून माझ्याकडे आली, नाचतच आली, कारण तिला फूल आवडले होते.

"शामाय, बघ ना, किती छान! पण आत बोटांनी काय करायचं?"

माझे मनगट दुखू लागले. खरोखर दुखू लागले, फडक्याच्या जागी. मी तिला मांडीवर घेतले, साखळीचा शेवटचा टाका शोधला, गाठ सुईने सोडवली आणि दोरा ओढला. क्रोशाचे हे असे आहे की शेवटचा टाका हाताला लागला की बाकीचे आपणहून सुटत जाते. साखळी गेली, मनगट गेले, फूल गेले, आणि लिझानची बोटे एकेक करून बाहेर आली. ती खिदळत होती. एरमेलिंद आतून धावत आली.

"अगं बाई, वेड लागलं काय तुला? माझी मेहनत होती ती! बोटं आखडलेली असताना विणलंय मी!"

"तुझी मेहनत गेली, बाय," मी म्हटले. "माझं अख्खं तरुणपण गेलं असल्याच फडक्यात. हिचं जाऊ देणार नाही."

लोर्ना आठवडाभर माझ्याशी कामापुरते बोलली. नंतर पुन्हा चहा आणून देऊ लागली, पण तिने मनाशी काय ठरवले आहे ते मला सांगितलेले नाही. मी मेल्यावर ठरवायचे, असे ठरवले असावे.

कलम सातवे. लिझान. माझ्या मर्जीतला घराचा हिस्सा मी माझी नात लिझान ऑरेलियो फुर्तादो हिला देते. माझ्या मते हा हिस्सा म्हणजे बल्कांव आणि त्याला लागून असलेली पेटीची खोली. वकील म्हणतात घराचे असे तुकडे कागदावर पडत नाहीत. पडू नयेत, पण बसायचे कुठे ते सगळ्यांना कळावे. कलम पाचमध्ये वगळलेली सुई, मी शिकले ती, लिझानला. ती शवपेटीत माझ्यासोबत घालू नये, चांगल्या पोलादाची आहे.

अट अशी. लिझानचा डावा हात कोणीही फडक्याने, हातमोज्याने, टोमण्याने, लाडाने किंवा बक्षिसाच्या लालचीने बांधू नये. क्रूसाची खूण तिने उजव्या हाताने करावी, देवाशी मी वाद घालत नाही. बाकी सगळे तिला हव्या त्या हाताने. ही अट मोडली तर, ती सज्ञान होईपर्यंत, बल्कांवाचा ताबा पिएदादकडे जावा आणि पिएदादने तिथे दिवसभर मोठ्याने बोलत बसावे.

वकील मिनेझिस यांनी चष्मा काढला. "बाय, असली अट कोर्टात उभी राहायची नाही."

"न राहो," मी म्हटले. "पण हे वाचणार कोण?"

"मी. सगळ्या वारसांना बोलावून."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

"एरमेलिंदचं नाव कलम चारात आहे, म्हणजे तिलाही बोलवावं लागेल?"

"लागेल."

"मग झालं तर. लिहिते."

लिझान, तुला एक सांगायचे आहे. मी होते तोवर तू माझ्या शेजारी बसायचीस. आता पिएदादकडे जा आणि तिच्या समोर बस. तिचा उजवा जे करील ते तुझ्या डाव्याने कर. ती ओरडेल, मनावर घेऊ नकोस. तुझी आई काय म्हणते तेही ऐक, तिने तुझ्यासाठी रडून घेतले आहे, आणि जो आपल्यासाठी रडतो त्याच्यावर फार वेळ रुसायचे नसते.

लोर्ना, तुला माझे सोन्याचे लहान डूल. आणि एक विनंती, ही अट नव्हे. शाई बदलून बघ, पेन्सिल देऊन बघ, वही तिरकी ठेवून बघ. हात तेवढा बदलू नकोस.

कलम आठवे. एरमेलिंदसाठी आणखी. तिची बोटे आता आखडली आहेत, सुई धरवत नाही. गेल्या थंडीत मिसेला ती कुडकुडत बसली होती. माझी राखी रंगाची लोकरीची शाल तिला द्यावी. डाव्या हाताने विणलेली आहे, ऊब सारखीच लागते. एरमेलिंद, आपण दोघींनी एकमेकींना पुष्कळ टोचून घेतले. क्रोशा शिकल्यावर मला तुझे कसब कळले, तुझ्यासारखी बारीक कड सासष्टीत कोणाला जमत नसेल. हे तोंडावर बोलायचे राहिले. मोज्याचा दोरा मी फेकलेला नाही. त्याची साखळी लिझानने विणली आणि याच साखळीने हे कागद बांधले आहेत.

कलम नववे. सही. मजकूर मी उजव्या हाताने लिहिला, पण सही डाव्या हाताने करणार आहे. वकील म्हणाले, "बाय, बँकेत आणि सगळ्या जुन्या कागदांवर तुमची उजव्या हाताची सही आहे. ही जुळायची नाही." ती जुळू नये हीच माझी इच्छा आहे. यावर तोड म्हणून त्यांनी साक्षीदारांकडून वेगळे दोन शब्द लिहून घ्यायचे ठरवले आहे. ही सही मला लिझानने शिकवली. एका बाकावर शेजारी बसून आम्ही गिरवायचो, दोघींची कोपरे एकमेकींना लागत नव्हती. पहिल्या दिवशी ती माझे वेडेवाकडे नाव बघून म्हणाली, "शामाय, घट्ट धरू नकोस. सैल सोड."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र वाचून, समजून, कोणाच्याही धाकाविना पुरे केले.

ठिकाण: कुडतरी, सासष्टी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३

(सही) आर्सेनिया फुर्तादो

साक्षीदारांचे निवेदन: वरील सही आर्सेनियाबाईंनी आमच्यासमोर डाव्या हाताने केली. त्यांना वेळ लागला, आम्ही थांबलो. सही करताना त्यांचा हात कोणीही धरला नव्हता.

१. मिंगेल रेबेलो, पोदेर (पाव भाजणारा), कुडतरी
२. सुलक्षा बोरकर, परिचारिका, कुडतरी